शुष्क प्रदेशांतील मध

वाळवंटी व निमवाळवंटी प्रदेशांतील वनस्पतींच्या मकरंदापासून मधमाश्यांनी तयार केलेला मध. ज्या प्रदेशात वार्षिक पर्जन्य हे संभाव्य बाष्पीभवन व बाष्पोत्सर्जन यांच्या बेरजेच्या ०·२० पटीहून कमी असते त्याला शुष्क, तर ०·२० ते ०·५० पट असते त्याला अर्धशुष्क प्रदेश म्हणतात. येमेन, ओमान व सौदी अरेबिया, सहाराच्या कडेचा पश्चिम आफ्रिका, राजस्थान व कच्छ, तसेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग व त्याला लागून असलेला मेक्सिकोचा भाग ही अशा मधाची प्रमुख क्षेत्रे होत. हा मध दाट, टिकाऊ व बहुधा गडद रंगाचा असतो. त्यातील ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांमुळे (ऑक्सिजनाशी संबंधित हानिकारक विक्रियांना आळा घालणाऱ्या द्रव्यांमुळे) तो आरोग्यरक्षक समजला जातो व काही प्रकारांना फार मोठी किंमत येते. या समजुतीला आधार आहे. परंतु तो जेवढा सांगितला जातो तेवढा व्यापक नाही.

वनस्पती व क्षेत्रे : शुष्क प्रदेशात फुलोऱ्याचा हंगाम अल्प असतो व मकरंद देणाऱ्या जाती थोड्या असतात. त्यामुळे एकाच वनस्पतीचे प्राधान्य असलेला मध मिळणे येथे सुलभ होते. दक्षिण येमेनमधील हद्रामौत प्रांतात, विशेषतः वादी दौआन या दरीत, मिळणारा सिद्र मध सर्वांत प्रसिद्ध आहे. सिद्र (झिझिफस स्पायना-ख्रिस्ती) हा महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या बोरीच्या (झिझिफस मॉरिशिआना) वंशातीलच वृक्ष होय. त्याची मुळे खोल जात असल्याने पावसाअभावीही तो दरीतळीच्या भूजलावर तग धरतो. त्याची फुले बारीक, हिरवट पिवळी असून त्यांतील मकरंद उघड्या चकतीवर पाझरतो. त्यामुळे आखूड सोंडेच्या माश्यांनाही तो सहज घेता येतो. दौआनमध्ये हा बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो.

अरबस्तानात बाभळीच्या कुलातील वृक्षांपासूनही मध मिळतो. त्यांपैकी समर (व्हॅचेलिया टॉर्टिलिस) व तल्ह या वृक्षांचे मध गडद तांबूस ते काळपट असतात. मोरोक्कोत ॲटलास पर्वताच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या दिसणाऱ्या एका शेर-वर्गीय वनस्पतीपासून (यूफोर्बिया रेझिनिफेरा) मिळणारा मध घशाला तिखट लागतो. कच्छमध्ये वेडी बाभूळ (स्थानिक नाव गांडो बावळ) ही मूळची अमेरिकेतील वनस्पती मोठ्या प्रमाणावर पसरली असून तेथील मधाचा ती एक महत्त्वाचा स्रोत आहे. राजस्थानात खेजडी म्हणजेच शमी हा वृक्ष मधमाश्यांना उपयुक्त आहे. अमेरिकेतील सोनोरा वाळवंटाच्या परिसरात मेस्कीट या शमीच्या जवळच्या वृक्षांपासून मध मिळतो.

मधमाश्या : अरबस्तान व त्यासमोरील आफ्रिकेच्या भागात पाश्चात्त्य मधमाशीची जेमेनिटिका ही उपजाती आढळते. ती आकाराने लहान असून ४०° से.पेक्षा अधिक तापमानातही काम करू शकते. पोळे थंड राखण्यासाठी या माश्या पाण्याचे थेंब पोळ्यात आणून पसरवितात व पंखांनी वारा घालतात. येमेनमधील मधपाळ आपल्या पेट्या एका फुलोऱ्याकडून दुसऱ्या फुलोऱ्याकडे वाहनांतून नेतात. कच्छमध्ये मध मुख्यतः फुलोरी माशीच्या (एपिस फ्लोरिया) पोळ्यांतून गोळा केला जातो. ही माशी झुडपांच्या फांदीवर एकच उघडे पोळे बांधते. तिला पेटीत पाळता येत नसल्याने हे काम पूर्णपणे रानातील संकलनावर अवलंबून असते.

रासायनिक संघटन : कोणत्याही मधात सर्वसाधारणपणे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज, १७ ते १८ टक्के पाणी व उरलेल्या भागात इतर शर्करा, अम्ले, खनिजे, प्रथिने, एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने), रंगद्रव्ये व सुवासिक द्रव्ये असतात. मध अम्लधर्मी असून त्याचे पीएच मूल्य सरासरीने ३·९ असते. आरोग्यरक्षक म्हटली जाणारी बहुतेक द्रव्ये या उरलेल्या अल्पशा भागात असतात, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

शुष्क हवेत माश्यांनी पंखांनी वारा घालून मकरंदातील पाणी उडविण्याचे काम लवकर व अधिक पूर्णपणे होते. त्यामुळे तेथील पक्व मधात पाण्याचे प्रमाण बहुधा १७ टक्क्यांहून कमी असते. मधात पाणी १७·१ टक्क्यांहून कमी असल्यास त्यातील यीस्टची संख्या कितीही असली, तरी तो आंबत नाही. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मानकानुसार मधात पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. शुष्क प्रदेशांतील मधाच्या टिकाऊपणाचे कारण या फरकात आहे. तथापि टिकाऊपणा व औषधी गुण या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत होता कामा नये.

ऑक्सिडीभवनरोधक द्रव्ये : शरीरातील कोशिकांत ऑक्सिजनाचा वापर होत असताना मुक्त मूलके (सुट्या इलेक्ट्रॉनामुळे अतिशय विक्रियाशील असलेले अणू वा रेणू) निर्माण होतात. ती मेद, प्रथिने व डीएनए यांच्या रेणूंवर आघात करतात. शरीराजवळ त्यांना आवरणारी स्वतःची यंत्रणा असते व आहारातील काही द्रव्येही त्यांचा प्रभाव शमवू शकतात. मधात अशी द्रव्ये अनेक आहेत. गॅलिक, कॅफेइक, कुमॅरिक व फेरुलिक ही फिनॉलिक अम्ले. क्वर्सेटीन, केम्फेरॉल, क्रायसीन, पिनोसेंब्रीन व ल्यूटिओलीन ही फ्लॅव्होनॉइडे. ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व). कॅटॅलेज हे एंझाइम आणि काही अमिनो अम्ले ही त्यांपैकी प्रमुख होत. फिनॉलिक संयुगे मुख्यतः मकरंद, पराग व माश्यांनी झाडांवरून गोळा केलेला राळयुक्त पदार्थ यांमधून मधात उतरतात. थोडक्यात, मधाचा हा गुण माशीपेक्षा वनस्पतीवर अधिक अवलंबून असतो.

प्रखर सूर्यप्रकाश, जंबुपार किरण व पाण्याची टंचाई यांना तोंड देताना अनेक वनस्पती आपल्या पानांत व खोडांत फिनॉलिक संयुगे अधिक प्रमाणात तयार करतात. वाळवंटातील मध अधिक गुणकारी असावा, या अनुमानाचा पाया हा आहे. परंतु पानांतील वाढ त्याच प्रमाणात मकरंदात उतरते असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक मधाची प्रत्यक्ष तपासणी करणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

मोजमापातून दिसणारे चित्र : या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रँकेल, रॉबिन्सन व बेरेनबाउम यांनी १४ एकपुष्पी मधांची तुलना केली. त्यांतील सर्वांत प्रबळ मधाची (इलिनॉय राज्यातील कुटूच्या मधाची) ऑक्सिडीभवनरोधक क्षमता सर्वांत दुर्बळ मधाच्या (कॅलिफोर्नियातील एका सेज-वर्गीय झुडपाच्या मधाच्या) सु. २० पट भरली. मध जितका गडद तितकी ही क्षमता अधिक, असा सर्वसाधारण संबंध त्यांना आढळला. त्याचबरोबर पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मधांत ही क्षमता कमी नव्हे, तर अधिक दिसून आली. सर्वांत प्रबळ ठरलेला कुटूचा मध पुरेसा पाऊस पडणाऱ्या शेतीप्रधान प्रदेशातील होता, तर सर्वांत दुर्बळ मध उन्हाळा कोरडा जाणाऱ्या कॅलिफोर्नियातील होता. यावरून प्रदेशाची शुष्कता हे या गुणाचे प्रमाण मानता येत नाही, हे उघड होते.

शुष्क प्रदेशांतील मधांमध्येही मोठे अंतर असते. २००५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील २७ नमुन्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात १०० ग्रॅ. मधामागे एकूण फिनॉलिक संयुगे सु. ३३ ते ११५ मिग्रॅ. (गॅलिक अम्लाच्या प्रमाणात व्यक्त केलेली) आढळली, सरासरी सु. ७४ मिग्रॅ. होती. एकाच देशात ही तिपटीहून अधिक तफावत पडते. याच अभ्यासात मुक्त मूलके शमविण्याच्या क्षमतेचा संबंध फिनॉलिक संयुगांपेक्षा प्रोलीन या अमिनो अम्लाशी अधिक निकटचा दिसला. प्रोलीन हे मुख्यतः माशीकडून मधात येते व मध पक्व असल्याचे ते एक गमक मानले जाते. अरबस्तानातील मधांतही फिकट प्रकारांपेक्षा समर, तल्ह यांसारख्या गडद मधांत फिनॉलिक संयुगे सामान्यतः अधिक असतात. सिद्र मधाची ख्याती सर्वाधिक असली, तरी या एका कसोटीवर तो सर्वांत वरचढ ठरतोच असे नाही.

या मोजमापांच्या पद्धतींनाही मर्यादा आहेत. फिनॉलिक संयुगे मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा फोलिन-सिओकाल्टो विक्रियाकारक मधातील क्षपणकारक शर्करांशीही काही प्रमाणात विक्रिया पावतो. त्यामुळे आकडे फुगण्याचा संभव असतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले आकडे शेजारी ठेवून एका देशाचा मध दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरविणे म्हणूनच योग्य नाही.

आहारातील मोल : परीक्षानळीत मुक्त मूलके शमविणारे द्रव्य शरीरात तेच कार्य तेवढ्याच प्रमाणात करील असे नाही. ते पचनमार्गातून रक्तात किती शोषले जाते, यकृतात त्याचे काय रूपांतर होते व ते किती वेळ टिकते, यांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. कुटूचा मध घेतल्यावर निरोगी व्यक्तींच्या रक्तातील ऑक्सिडीभवनरोधक क्षमता वाढते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. मात्र त्यांपैकी एका प्रयोगात मधाची मात्रा शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे १·५ ग्रॅ. होती. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ही मात्रा ९० ग्रॅ. होते व तीतून सु. २७० किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार मधातील शर्करा या मुक्त शर्करांत मोडतात व अशा शर्करांपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सु. ५० ग्रॅ. शर्करेइतकी होते. ९० ग्रॅ. मधात सु. ७० ग्रॅ. शर्करा असते. म्हणजे मोठ्या मात्रेने जो लाभ मिळवावयाचा, तो मिळविताना ही मर्यादा ओलांडली जाते. उलट एक मोठा चमचा (सु. २० ग्रॅ.) मध घेतला, तर वर दिलेल्या सरासरीप्रमाणे त्यातून सु. १५ मिग्रॅ. फिनॉलिक संयुगे मिळतात. एका कपभर कोऱ्या चहातून त्याच्या कित्येक पट मिळतात. साखरेच्या जागी, तेवढ्याच गोडीपुरता मध वापरल्यास तो साखरेहून सरस ठरतो, कारण साखरेत ही द्रव्ये जवळजवळ नसतात. परंतु ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांसाठी म्हणून मधाचे सेवन वाढविणे समर्थनीय नाही. मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील साखर मधाने वाढते. सिद्र वा अन्य कोणताही मध मधुमेहावरील औषधाला पर्याय होऊ शकत नाही.

जखमा व खोकला : मधाच्या आरोग्यरक्षक गुणांचा सर्वांत भक्कम पुरावा ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांच्या बाबतीत नसून त्याच्या जंतुरोधक गुणांबाबत आहे. १९३७ मध्ये डोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाला इनहिबाइन असे नाव दिले. १९६३ मध्ये व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इनहिबाइन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड असल्याचे दाखविले. माशीच्या ग्रंथींतून मधात येणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम मध पातळ होताच ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक अम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. याखेरीज मधातील शर्करांची अतिसंहतता जंतूंमधील पाणी शोषून घेते व अम्लता त्यांच्या वाढीस प्रतिकूल ठरते. न्यूझीलंडमधील मनुका मधात मात्र हे कार्य प्रामुख्याने मिथिल ग्लायॉक्झल या संयुगामुळे होते, असे २००८ मध्ये जर्मनीतील ड्रेझ्डेन येथील संशोधकांनी दाखविले.

उपलब्ध चाचण्यांच्या २०१५ मधील कॉक्रन समीक्षेनुसार त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत न पोहोचलेले भाजणे व शस्त्रक्रियेनंतर दूषित झालेल्या जखमा यांवर मधाची पट्टी रूढ उपचारांपेक्षा लवकर गुण देते. अन्य प्रकारच्या जखमांबाबत असा स्पष्ट निष्कर्ष काढता आलेला नाही. या कामासाठी वापरावयाचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बाजारातील वा पोळ्यातून काढलेला मध थेट जखमेवर लावू नये. मुलांच्या साध्या खोकल्यात मधाने काहीसा आराम पडतो, असे २०१८ मधील कॉक्रन समीक्षेत नमूद केले आहे.

अर्भकांसाठी धोका : मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजुके असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. परंतु एका वर्षाखालील अर्भकाच्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करू शकतात. त्यामुळे बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, मान न धरणे, अंग लुळे पडणे व श्वसनास अडथळा अशी लक्षणे उद्भवतात. हा विकार १९७६ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. बीजुके साध्या उकळण्याने मरत नाहीत. मध शुद्ध, रानातला वा महागडा असण्याने धोका टळत नाही. जातकर्म संस्कारात नवजात अर्भकास मध व तूप चाटविण्याची आणि बाळगुटी मधात उगाळून देण्याची प्रथा भारतात जुनी आहे. ही प्रथा पाळताना मधाचा भाग वगळणे आवश्यक होय. बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास मध अजिबात देऊ नये.

उष्णता व साठवण : मध तापविल्याने ग्लुकोज ऑक्सिडेज निष्क्रिय होते, सुवास उडून जातो व फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथिल फर्फ्युरल हे संयुग निर्माण होते. या संयुगाचे प्रमाण मध किती तापला वा किती जुना झाला याचे निदर्शक असते. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा दर किग्रॅ.ला ४० मिग्रॅ. असून उष्ण प्रदेशांतील मधासाठी ती ८० मिग्रॅ. आहे. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या गोदामात काही महिने ठेवलेला वाळवंटी मध चुलीवर न चढताही ‘तापविलेला’ ठरू शकतो. जुना मध रंगाने गडद होतो. म्हणून केवळ गडदपणा हे उत्तमतेचे लक्षण मानता येत नाही. मध काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा. तो गोठला म्हणजे भेसळीचा, ही समजूत चुकीची आहे. ग्लुकोजचे स्फटिक होणे ही नैसर्गिक क्रिया होय.

भेसळ व ओळख : मोठी किंमत असल्यामुळे सिद्र मधाच्या नावावर अन्य मध विकले जाणे संभवनीय असते. पाकिस्तानातील बोरीचा मध आखाती देशांत मोठ्या प्रमाणावर जातो. तो स्वतः उत्तम असला, तरी येमेनी सिद्र नव्हे. परागकणांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने मधाची वनस्पती व पुष्कळदा प्रदेशही ओळखता येतो. ऊस व मका यांपासून केलेल्या पाकाची भेसळ कार्बनाच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून कळते. तांदूळ वा बीट यांच्या पाकाची भेसळ मात्र या पद्धतीने सापडत नाही. तीसाठी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनासारख्या पद्धती वापरतात. यूरोपीय महासंघाने आयात मधाच्या ३२० नमुन्यांची तपासणी करविली असता त्यांपैकी १४७ नमुने संशयास्पद आढळले, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. पाण्यात थेंब टाकणे, मधात भिजविलेली वात पेटविणे इ. घरगुती कसोट्या विश्वासार्ह नाहीत. भारतात पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मधाच्या परीक्षणाचे कार्य होत आले आहे.

संरक्षण : शुष्क प्रदेशात वनस्पतींच्या जाती थोड्या असल्याने एखादी जाती क्षीण होताच तिच्यावरील मधाचा व्यवसाय संपतो. येमेनमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धानंतर इंधनटंचाईमुळे झाडे तोडली गेली. नाकेबंदी व भूसुरुंग यांमुळे पेट्यांची हंगामी ने-आण धोक्याची झाली आणि अनेक मधपाळांना या उद्योगास मुकावे लागले. पावसाचे वेळापत्रक बदलल्यास अल्प मुदतीचा बहर हुकतो व वर्षाचे पीक जाते. फुलोरी माशीच्या बाबतीत संपूर्ण पोळे तोडून नेण्याच्या पद्धतीने वसाहतीच नाहीशा होतात. पोळ्याचा फक्त मधाचा, वरचा भाग कापून अंडी-अळ्यांचा भाग शाबूत ठेवल्यास वसाहत टिकण्याची शक्यता वाढते. बोर, शमी व बाभूळ हे वृक्ष कोरडवाहू शेताच्या बांधावर पाणी न घालता वाढू शकतात. मधमाश्यांना चारा, शेळ्या-मेंढ्यांना पाला व पिकांना परागण असा त्यांचा तिहेरी उपयोग होतो. मधातील द्रव्यांपासून माणसास होणाऱ्या संरक्षणाची व्याप्ती मर्यादित आहे. ती द्रव्ये ज्या वृक्षांपासून येतात त्यांच्या संरक्षणाची निकड मात्र निर्विवाद आहे.

पहा : बाभूळ, बोर, मध, मधमाशी, वाळवंट, शमी.